खालच्या शेताची माती

नवशिके लोक जास्त पाणी घालून झाडं मारतात, हे मला नर्सरीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पानी कम देना, मॅडम. लोग प्यार से मार डालते हैं." मोबाइलवरच्या व्हिडिओंतही तेच. बागेतला तो माझा पहिला धडा. तो मी इतका चोख पाळला, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाग मी हौसेने केली नव्हती, बाबांसाठी केली होती. मोरवा गावातल्या आमच्या घरी दारातच आईची जास्वंद होती. आई गेल्यावर बाबा रोज सकाळी त्यातलं एक फूल तोडून तिच्या फोटोपुढे ठेवायचे. विकतचं फूल त्यांनी कधी ठेवलं नाही. "तिला दारचाच लागतं," म्हणायचे. पुढे घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली आणि जास्वंद गेली. त्याच वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मी त्यांना बेव्हर्ली पार्कला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले, सोबत आईचा फोटोही आणला.

दाराच्या कडीला रोज फुलपुडी अडकवलेली असायची. मी पुडी सोडून फूल फोटोपुढे ठेवलं की बाबा डाव्या हाताने ते बाजूला सारायचे. चार दिवस माझी चिडचिड झाली. पाचव्या दिवशी ते खिडकीकडे बघत बसलेले दिसले, आणि त्यांना काय हवंय ते कळलं. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. त्याआधी घरचं एक फूल त्यांच्या हातात द्यायचं, असं मी ठरवलं.

नर्सरीत तयार माती मिळत होती. पण मला अवदसा आठवली. म्हटलं, बाबांना त्यांचीच माती आणून देऊ. घराच्या जागेवर तर काँक्रीट झालं होतं, पण खाडीलगतचं आमचं खालचं शेत अजून पडीक होतं. रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवरून दोन गोणी माती घेऊन आले. मातीवर कुठेकुठे पांढुरकी झाक होती. मला वाटलं, सुकलीय म्हणून असेल. मी त्याच घरात वाढले, पण त्या शेतात कधी उतरले नव्हते. मुलींनी शिकावं, नोकरी करावी, चिखलात पाय घालू नये, हा बाबांचाच हट्ट.

खिडकीच्या ग्रिलमध्ये सहा कुंड्या मांडल्या. जास्वंदीची कुंडी कोपऱ्यात, बाबांच्या खुर्चीला लागून. मोठ्या कौतुकाने मी त्यांना सांगितलं, "बाबा, आपल्या खालच्या शेतातली माती आहे." त्यांनी चिमूटभर उचलली आणि जिभेवर ठेवली. मग माझ्याकडे बघून मान हलवली, नाही नाही अशी, बराच वेळ. "माती काय खाताय बाबा, लहान आहात का?" असं म्हणत मी त्यांचं तोंड रुमालाने पुसलं.

आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. जास्वंद सगळ्यात आधी गेली. मी ती उपटून टाकली आणि कुंडी तशीच ठेवली. त्यानंतर बाबांनी पाण्याचं खूळ घेतलं. मी ऑफिसातून आले तरी हे चालूच असायचं. पाय ओढत बाथरूममध्ये जायचे, डाव्या हाताने लाल मग भरून आणायचे आणि त्या रिकाम्या कुंडीत ओतायचे. एक मग, दुसरा मग, तिसरा. खालून गळणारं पाणी बोटावर घेऊन चाटायचे, पुन्हा मग आणायला निघायचे. मला शिसारी यायची. वाटलं, वाचा गेली तशी आता बुद्धीही चालली. काही दिवसांनी त्यांनी ती कुंडी सोडून शेजारची धरली. तिच्यात तर सदाफुलीचं रोप होतं, कसंबसं जीव धरून.

खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "भाभी, आपके गमलों का पानी रोज हमारे धुले कपड़ों पे गिरता है." मी त्यांची माफी मागितली, दार लावलं आणि सगळा राग बाबांवर काढला. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात दिवसभर ऑफिसची कटकट. त्यांच्या हातातला मग हिसकावून घेतला आणि ओरडले, "तुम्हीच मारलीत झाडं! तुमच्यासाठीच करतेय ना मी हे सगळं?" बाबांनी तोंड उघडलं. घशातून घरघर आली, गळ्याच्या शिरा ताणल्या. काहीतरी सांगायची त्यांची जिवापाड धडपड चालली होती. "पुरे," मी म्हटलं. तो लाल मग गीझरवर ठेवून दिला, त्यांचा हात पोचणार नाही असा.

त्यानंतर बाबांनी खिडकीकडे बघणं सोडलं. मी बेताबेताने पाणी घालत राहिले, अगदी व्हिडिओत दाखवतात तसं. झाडं एकेक करून मेली. महिन्याभराने बाबाही गेले. त्यांच्या फोटोला हार घातला तो विकतचाच.

तेराव्याला काका आले होते, बाबांचे धाकटे भाऊ. दोघांनी खालचं शेत मिळून कसलं होतं. हात धुऊन ते खिडकीपाशी गेले आणि कुंड्यांकडे बघत थांबले.

"ही खालच्या शेतातली ना गो?"

"हो. काहीच जगलं नाही."

"कसा जगंल? खारी हाय ती. आधी धुवायला लागतं." मग मला लहान पोरीला समजवावं तसं सांगू लागले. "पावसाचा पानी शेतान बांधून ठेवायचा. खार उतरला का सोडून द्यायचा. परत बांधायचा. बोटान चाखून बगायचा. गोडा लागला का मंग पेरायचा. तुला बापान सांगला न्हाय?"

विचारून झाल्यावर बाबांची वाचा गेली होती, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बाबांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी मान हलवून सांगितलं होतं, नंतर रोज पाय ओढत करून दाखवलं होतं, आणि मी त्यांना वेड्यात काढलं होतं.

सगळे गेल्यावर गीझरवरचा मग खाली काढला. एकेका कुंडीत पाणी ओतलं आणि खालून गळलेलं बोटावर घेऊन चाखलं. चार कुंड्यांचं खारट लागलं. सदाफुलीच्या कुंडीचं थोडं कमी, पण खारटच. कोपऱ्यातल्या कुंडीचं गोडं होतं. ती बाबांनी पुरी केली होती. फक्त रोप लावायचं राहिलं होतं, आणि ते त्यांनी मला कसं सांगावं?

मी त्या कुंडीत जास्वंद लावली. बाकीच्या कुंड्या धुवायला घेतल्या. खालच्या बाईंना आधी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोरीवरचे कपडे आत घेतले. मी पुढच्या कुंडीला लागले ते बाबांनी सोडलं होतं तिथूनच.

बऱ्याच महिन्यांनी, एका सकाळी जास्वंदीला फूल आलं. लाल, आईच्या दारात यायचं तसंच. मी ते तोडलं आणि भिंतीवरच्या दोन फोटोंसमोर उभी राहिले. हे फूल बाबांच्या फोटोला वाहायचं धाडस मला झालं नाही. त्यांना ते घ्यायचं नव्हतंच, आईला द्यायचं होतं. डाव्या हाताने फूल वाहू नये, असं आईनेच लहानपणी शिकवलं होतं. तरी मी ते डाव्या हातात घेतलं आणि तिच्या फोटोपुढे ठेवलं. बाबांचा तेवढाच हात चालत होता.