मागाच्या लाकडाचे बैल

मी कॉलेजात बरीच वर्षं उद्योजकता हा विषय शिकवला. उद्योजकाची लक्षणं लिहा म्हटलं की प्रत्येक उत्तरपत्रिकेत पहिलं लक्षण एकच असायचं : जोखीम पत्करण्याची तयारी. हे सुवाच्य अक्षरात लिहिणारी मुलं पुढे बँकेच्या परीक्षेला बसायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी स्वतःही जन्मभर पगारावरच जगले.

त्यामुळे निवृत्तीनंतर एका दुपारी शेजारची मुलगी दारात येऊन म्हणाली, "मॅडम, मले धंदा सुरू कराचा हाये," तेव्हा मी आधी तिला पाणी दिलं. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. धंदा ठरलेला होता, गिऱ्हाईकही हेरून झालं होतं. अडलं होतं ते बापापाशी.

आमची गल्ली एकेकाळी विणकरांची. दिवसभर मागांची खटखट चालायची. आता माग जवळजवळ गेले आणि माणसं दुसऱ्या कामांना लागली. तिचे वडीलही धंतोलीतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय झाले. त्यांचा माग त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलला, पण विकला मात्र नाही. जुन्या सागवानाचे ते खांब आणि तुळया मागच्या खोलीत रचून ठेवल्या होत्या. दरवर्षी दसऱ्याला ते ती रास पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. भंगारवाला विचारायला आला की एकच उत्तर द्यायचे : पूजलेलं लाकूड हाये, घराबाहेर जात नाही.

मुलीला नेमकं तेच लाकूड हवं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा असतो. नटलेली पोरं लाकडी बैल घेऊन मैदानात जमतात, मग घरोघरी फिरून बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे घेतात. ज्याचा बैल मोठा त्याचा तोरा मोठा. पण वासराएवढा बैल फ्लॅटमध्ये वर्षभर ठेवायचा कुठे? पोरीने बरोबर हेरलं होतं. मोठे, चाकांचे बैल करायचे आणि सणापुरते भाड्याने द्यायचे. सण झाला की बैल वापस आणायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच द्यायचे.

मी तिच्यासोबत गेले. वडील जेवून नुकतेच उठले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"घरचं लाकूड बाहेर नाही जाणार."

"लाकूड जाईन बाबा, पण वापस येईन. विकून थोडी राहिली मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा मॅडम. भाड्यानं देल्लं तर वापस येते ना?"

"पुस्तकात तर येतं," मी म्हणाले.

ते आम्हाला घेऊन मागच्या खोलीत राशीपाशी गेले. मग म्हणाले, "एक जरी बैल कमी झाला, तर धंदा बंद. मंग मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेच्या क्लासले जाशीन."

एवढं बोलून त्यांनी राशीतला एक गोल ओंडका उचलून बाजूला ठेवला. विणलेलं कापड ज्याच्यावर गुंडाळत जातात तो. "ह्याले हात नाही लावाचा. माह्या बापाचं सारं कापड ह्याच्यावर गुंडाळलं."

"मंग चाकं कायचे कराचे?"

"बाजारातून आण."

सुताराने सहा बैल केले. ते खरोखर देखणे झाले, हे मी शेजारधर्म म्हणून सांगत नाही. पोरीने शिंगं रंगवली, आईने जुन्या लुगड्यांच्या काठांच्या झुली शिवल्या. चाकं मात्र प्लास्टिकची, बैलाला अजिबात न शोभणारी. लोकांनी डिपॉझिट दिलं आणि सणाच्या आधीच सगळे बैल भाड्याने गेले. त्या आठवड्यात पोरगी जमिनीवर चालत नव्हती. बँकेच्या क्लासचा कागद तिने चिवड्याची पुडी बांधायला वापरला.

तान्हा पोळा झाला. मैदानात मला तिचे दोन बैल दिसले. एकाचं चाक खड्ड्यात तुटलं आणि पोराच्या बापाने तो वासराएवढा बैल घामाघूम होत खांद्यावरून घरी नेला. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ती ई-रिक्षा घेऊन बैल आणायला निघाली. संध्याकाळी आली ती दोनच बैल घेऊन. माझ्या पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. लोक भांडले नव्हते. सगळ्यांनी तिला बसवलं, पुरणपोळी खाऊ घातली, डिपॉझिट ठेवून घे म्हणाले, वर अजून देतो म्हणाले. पण बैल देईनात. सणाला बैल घरात आला की त्याला ओवाळतात, नैवेद्य दाखवतात. एका बाईने तिला सरळ विचारलं, "काल हळदकुंकू लावलं वं बाई, आज दाराबाहेर काढू का?"

पूजलेलं आमच्याकडे वापस जात नाही, हे काय पुस्तकात शोधायचं असतं? इथेच जन्मलेल्या आम्हा तिघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. मला तिची फार कीव आली.

वडील ड्यूटीवरून आले. रिक्षातले दोन बैल त्यांनी पाहिले, पोरीचा चेहरा पाहिला. कपडेही न बदलता म्हणाले, "चाल. मी आणतो." घरी बसवेना म्हणून मीही निघाले.

पहिलाच फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दार उघडलं तर समोर देवघराजवळ बैल उभा. कपाळावर हळद, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात वाटीत नैवेद्य. पोराची आई ओशाळून हसली. म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. तुमचं जे होईन ते घ्या. पण पूजलेलं लाकूड हाये, घराबाहेर कसं काढावं?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते भांडायच्या तयारीने आले होते, तोंड उघडलंही होतं. ते तसंच मिटलं.

मग ते बैलापाशी उकिडवे बसले. पाठीवरून हात फिरवला. एका बाजूला मागाच्या खुंटीचं जुनं भोक होतं, सुताराने ते बुजवून वर रंग दिला होता. तिथे त्यांचा अंगठा थांबला. थोड्या वेळाने ते उठले आणि त्या बाईंना म्हणाले, "ओल नका लागू देऊ. सागवान हाये, पण रंग खराब होते."

बाकीच्या घरी ते गेलेच नाहीत. परतताना रिक्षात पोरगी बाहेर बघत होती. क्लास आता ठरलाच, असं मीही धरून चालले होते.

घरी आल्यावर ते मागच्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते खांद्यावर तो गोल ओंडका घेऊन. पोरीच्या पुढ्यात त्यांनी तो ठेवला.

"सुताराले म्हण, ह्याचे चाकं काप. ते प्लास्टिकचे काय टिकते?"

पोरगी त्याच्यापाशी खाली बसली. "आन् भाडं, बाबा?"

"भाडं-बिडं काही नाही. विकजो."

"सारेच?"

"सारेच."

तिने ओंडक्यावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "मंग दसऱ्याले तुम्ही पूजा कायची करान?"

ते पायरीवर बसून बूट काढत होते. वर न बघता म्हणाले, "ज्यायच्या घरी गेले, ते करून राहिले ना."