गुरुवारची चव

मिठाच्या बरणीत धुण्याचा सोडा मीच भरला होता. वर माझ्याच सुरेख अक्षरात ‘मीठ’ अशी चिठ्ठीही चिकटवली होती.

नायगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोषण आहाराचं काम माझ्याकडे आहे. तपासणी येणार म्हणून मी स्वयंपाकघर चकचकीत करायला घेतलं आणि सगळ्या पुड्या एकसारख्या बरण्यांत ओतल्या. स्वयंपाक करणाऱ्या कलावतीबाईंच्या डब्यांवर कधी चिठ्ठ्या नव्हत्या, आणि त्यांची कधी चूकही झाली नव्हती.

नियम असा, की मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि तसं वहीत लिहायचं. पण माझा दत्ताचा गुरुवार. दिवस मावळेपर्यंत मी तोंडात काही घालत नाही. तेव्हा दर गुरुवारी नुसता वास घेऊन ‘चव उत्तम’ लिहीत आलो. माहूरचे महाराजही खूश आणि तपासणीचे साहेबही खूश, असा माझा हिशेब.

त्या गुरुवारी कलावतीबाई म्हणाल्या, की खिचडी लालसर दिसून राहिली. नवी हळद असेल, असं सांगून मी त्यांना गप्प केलं आणि वहीत ‘रंग व चव उत्तम’ असं लिहिलं. सोड्यात हळद लाल होते, हा प्रयोग मी दरवर्षी सहावीच्या मुलांना करून दाखवतो. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे माझ्या विद्वत्तेची कल्पना यावी.

ताटं वाढून झाली, जेवणाआधीचा श्लोक सुरू झाला, आणि फाटकातून एक म्हातारी आत आली. देगलूरकडची असावी, बोलण्याला तेलुगूचा हेल होता. लेकीकडे पायी निघालेली, चक्कर येऊन राहिली म्हणून घासभर मागत होती. पोरं जेवल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, ही कलावतीबाईंची शिस्त. गुरुवारी दुपारी दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, ही माझी. खरं सांगायचं तर पुण्य फुकटात पदरी पडत होतं. मी स्वतः ताट वाढून तिच्या हाती दिलं.

पहिलाच घास तिनं थुंकला.

“बाबा, सोडा हाय ह्यात. तू खाल्लास का हे?”

श्लोकाची शेवटची ओळ चालू होती. ती संपली की सगळे हात ताटात जातात. मी धावत गेलो आणि कुणी घास घ्यायचा नाही म्हणून ओरडलो.

सोयाबीनची काढणी चालली होती. बहुतेकांच्या आया पहाटेच रानात गेलेल्या, पोरं उपाशीच शाळेत आलेली. पहिलीतली एक मुलगी ताट सोडेना. ते तिच्या हातातून ओढून घेताना मला काय वाटलं, ते लिहवत नाही. तिथंच ठरवलं, आज एकही लेकरू जेवल्याशिवाय घरी जाणार नाही. पातेलं खड्ड्यात पालथं केलं. कलावतीबाईंनी शेजारच्या घरून मीठ आणलं, ते मात्र चाखून. बाकीच्या शिक्षकांनी मुलांना गोष्टींत गुंतवलं, मी कांदे चिरले, सोबत बोटही चिरलं. म्हातारी कुणी न सांगता डाळ निवडायला बसली.

तासाभरानं खिचडी झाली. कलावतीबाईंनी पळी माझ्यासमोर धरली. इतक्या वर्षांचा गुरुवार मोडत होता. महाराजांचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला. तो प्रसादासारखा लागला असं लिहिलं तर खोटं होईल, जीभ पोळली. पण मन कधी नव्हे इतकं निवलं. आजवर मी महाराजांना माझ्या सोयीचं तेवढं वाहत आलो होतो. त्यांना काय हवं, हे त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

मुलं पोटभर जेवली. म्हातारीही जेवली, आणि मी वाढण्यात अडकलो होतो तेवढ्यात निघूनही गेली. नाव विचारायचं राहिलं. तिला नेमकी त्याच वेळी, आमच्याच फाटकाशी चक्कर का यावी, याचा मी खल करत नाही. हात जोडतो. आता गुरुवारीही खिचडीचा पहिला घास माझा असतो. उपास त्यानंतर सुरू होतो.

त्या दुपारी कलावतीबाई भांडी घासत होत्या. मी भारावून म्हणालो, की महाराजांनीच तिला धाडलं. त्यांनी मान वर केली नाही.

“धाडलं आसंल. पर गुर्जी, तुमी चमचाभर खाल्लं आसतं, तर त्या म्हातारीला उन्हात येवढं चालावं लागलं नसतं.”