रुद्रम्मा राउटर निवडते

उमरग्यात बशीरभाईंच्या इंटरनेट ऑफिसात तक्रारीचा फोन उचलायचं काम रुद्रम्माकडं अकरा वर्षं होतं. हायवेवरचे लॉज, दवाखाने, मुरूमपर्यंतची घरं, सगळ्यांच्या वायरी याच ऑफिसातून गेलेल्या. नेट बंद पडलं की माणसं आधी रुद्रम्माला झापत, मग आपलं नाव सांगत. ती ऐकून घ्यायची, वहीत टिपायची आणि सोलापूरच्या शंभुलिंगला फोन लावायची. शंभुलिंग इंजिनिअर. तो तिकडून काहीतरी टाइप करायचा आणि नेट सुरू व्हायचं. काय टाइप केलं, हे तो कधी सांगायचा नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

एके दिवशी रुद्रम्मानं विचारलं.

"ताई, फोनवर सांगून ते कळायचं न्हाय," तो हसला. "घरी जुने कॉम्प्युटर मांडा, त्यांचेच राउटर करा, आन् मोडून-जोडून बघा. लोकांच्या चालू लाइनवर शिकायचं नसतं."

त्यानं सहज म्हटलं असेल. रुद्रम्मानं मनावर घेतलं. तिचा नवरा चन्नबसप्पा याचं टायरचं दुकान. शेजारचा कॉम्प्युटर क्लास बंद होत होता. तिथले तीन कॉम्प्युटर त्यानं छोट्या टेम्पोत घालून घरी आणले. सासूबाई कस्तुराबाई दारातच उभ्या.

"तिन्ही टीव्ही एकदम बघणार व्हय गं?"

"टीव्ही न्हाईत, आत्याबाई. हे उमरगा, हे मुरूम आन् हे आलूर."

आणि तिनं खरोखरच तिघांवर गावांची नावं चिकटवली. राउटर म्हणजे नेटला वाट दाखवणारं यंत्र. साध्या कॉम्प्युटरला वायरी जोडायच्या जादा जागा बसवल्या आणि त्यात राउटरचं सॉफ्टवेअर घातलं, की तोही वाट दाखवायला लागतो. अडचण एवढीच, की फुकट मिळणारी अशी सॉफ्टवेअर बरीच होती. रुद्रम्मानं त्यातली तीन काढली आणि प्रत्येकाला एक रविवार दिला. परीक्षा तिघांना एकच: उमरगा ते मुरूम निरोप पाठवायचा, मधली वायर उपटायची, आणि निरोप आपोआप आलूरवरून वळतो का ते बघायचं.

पहिल्या रविवारी ओपीएनसेन्स. सगळं पडद्यावर बटणं दाबून करायचं, दिसायला देखणं. पण क्लासचे कॉम्प्युटर म्हातारे. एक पान उघडेपर्यंत चहाला उकळी यायची. दुसऱ्या रविवारी ओपनडब्ल्यूआरटी. ते कापसासारखं हलकं, त्याच म्हाताऱ्यांवर पळायला लागलं आणि संध्याकाळच्या आत पास झालं.

"मग तेच ठेवा की," शंभुलिंग फोनवर म्हणाला.

"तिसऱ्याचा रविवार राहिलाय न्हवं," रुद्रम्मा म्हणाली.

तिसरं व्हायओएस. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला काही काम नाही. पण परीक्षेत तेही पास झालं. रुद्रम्मानं धीर करून घरचं वायफायही त्यातूनच फिरवलं आणि लॅपटॉपवरून हुकूम द्यायला बसली. एका आकड्याची चूक झाली आणि तिचाच रस्ता तुटला. आता चूक सुधारायला आत शिरायचं कसं?

"अगं बाई, नेट बंद पडलं की!" आतून कस्तुराबाईंचा आवाज आला. त्यांची मालिका ऐन रंगात आली होती. "काय ऑफिस चालवता का खेळ?"

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या घरची बोलणी खाल्लेली रुद्रम्मा आता घरच्या गिऱ्हाइकाचीही खात होती. मग तिला हसूच फुटलं. त्या दिवशी तिनं यंत्रालाच कीबोर्ड जोडून चूक सुधारली, पण लांबच्या गावातल्या यंत्राचं काय?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माहिती वाचताना तिला एक हुकूम सापडला. बदल करताना मिनिटं सांगायची. तेवढ्या वेळात "हो, पक्कं कर" असं सांगितलं नाही, तर यंत्र स्वतःच बंद होऊन चालू होतं आणि जुन्या व्यवस्थेवर परत येतं. घरी जाऊन तिनं तीच चूक मुद्दाम केली, पाच मिनिटं सांगून. नेट गेलं. कस्तुराबाई घड्याळाकडं बघत बसल्या. पाच मिनिटं झाली, यंत्र गुरगुरलं, आणि मालिका पुढं सरकली.

"हेच ठेवते," तिनं शंभुलिंगला कळवलं.

"ते अवघड न्हाय का, ताई?"

"अवघड हाय. पण चूक पोटात घालतंय. दुसऱ्या रविवारचं लई सोपं, घरच्या वायफायला तेच लावीन. पण मी शिकणारी, चुकणारच की."

दोन महिने ती चुकत राहिली. मग एका मंगळवारी दहाच्या सुमाराला हायवेच्या कडेनं नाली खोदताना मशीनच्या तोंडात मुरूमची मुख्य वायर आली. मुरूमचं सगळं नेट बंद. शंभुलिंगला फोन लावला, तर तो स्वतःच्या हळदीला बसलेला.

"ताई, आलूरवरून दुसरी वायर टाकलेली हाय," तो पिवळ्या हातानं फोन धरून ओरडला. मागं सनई वाजत होती. "वाट वळवायची राहिलीय!"

"मी वळवते. हुकूम सांगा."

बशीरभाई खुर्चीतून उठले. "ताई, उमरगापन बंद पडलं तर?"

"पाच मिनिटांत परत येईल, भाई. आधी तीच सोय करते."

ऑफिसच्या यंत्रातही तशी सोय होती, नाव तेवढं वेगळं. शंभुलिंग एकेक अक्षर सांगत गेला. सनईच्या आवाजात एक अक्षर चुकीचं ऐकू आलं आणि उमरगाही बंद पडलं. ऑफिसातले तिन्ही फोन एकदम वाजायला लागले. बशीरभाईंनी डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. रुद्रम्मा हात मांडीवर ठेवून बसली. पाच मिनिटं कधी एवढी लांब वाटली नव्हती. मग हिरवे दिवे एकेक करून लागले. उमरगा परत आलं. या वेळी तिनं प्रत्येक अक्षर दोनदा विचारून लिहिलं. साडेअकराला मुरूमच्या दवाखान्यातून फोन आला: "आलं बरं का, मॅडम." मॅडम! शिव्यांशिवाय आलेला पहिलाच फोन.

महिनाभरानं बशीरभाईंनी फोनवर दुसरी बाई बसवली आणि रुद्रम्माला तुळजापूरला धाडलं. तिथल्या एका लॉजला नवी जोडणी द्यायची होती. सकाळच्या एसटीनं ती उतरली, खांद्याला वायरींची पिशवी. लॉजचा मॅनेजर गौरीशंकर भाविकांच्या गर्दीत गुंतलेला, मान वर न करता म्हणाला, "बसा मावशी. इंजिनिअर यायचेत अजून."

"आल्यात," रुद्रम्मा म्हणाली. "शिडी कुठाय?"