एका शिंगाचं हरीण आणि हिल्माचा सदरा

हिल्मा रौतिओ रानातून हात हलवत परत आलेली आमच्याकडे फारशी कुणी पाहिलेली नाही. पाहिली असेल त्याने ती तोंडाने सांगू नये, असाच तिचा दरारा.

सुपिरिअर सरोवराच्या दक्षिणेला आमचं रान. सरकारी रान, म्हणजे सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही. त्याच्या काठावर, गाडीरस्ता संपतो तिथून पुढे, रौतिओंची ओंडक्यांची झोपडी आहे. शेजारी सौना. तिथे दगड तापवायचे, वाफ घ्यायची आणि हाडांतली थंडी बाहेर काढायची. आणि झोपडीपुढे दोन खांबांवर आडवा टाकलेला मेपलचा दांडा. मोसमात मारलेली हरणं त्याला टांगतात. माणसाची ओळख नावावरून आणि झोपडीची ओळख दांड्यावरून. ज्याचा दांडा मोकळा त्याच्या कॉफीलाही चव नाही, असं आम्ही म्हणतो.

झोपडीच्या आत चुलीमागच्या भिंतीवर कापडाच्या चिंध्या ठोकलेल्या आहेत. लाल चौकटींच्या, हिरव्या, विटलेल्या. कुणाचा नेम चुकला की त्याच्या सदऱ्याची मागची शेपटी कापायची, तिच्यावर नाव घालायचं आणि ती भिंतीवर मारायची, हा तिथला कायदा. त्यातून सासरा सुटला नाही, पाहुणा सुटला नाही, एकदा आलेले पाद्रीबुवाही सुटले नाहीत. सगळ्यांत जास्त चिंध्या हिल्माच्या नवऱ्याच्या, अर्वोच्या. तो बोलायचा तशीच गोळी झाडायचा, आधी विचार न करता. अर्वो गेला, चिंध्या राहिल्या. हिल्माची मात्र एकही नाही. आणि ही गोष्ट ती दरवर्षी मोसमाच्या पहिल्या सकाळी, कॉफी ओतता ओतता, सगळ्यांना आठवण म्हणून सांगते.

हिल्माचा बाप घोड्यांनी ओंडके ओढायचा. लहानपणी ती बापाचा डबा घेऊन तोडीच्या जागी जायची. डबा पोचवून ती लगेच परतत नसे. करवती थांबल्या, माणसं शेकोटीभोवती जेवायला बसली, की पाडलेल्या झाडांच्या शेंड्यांशी हरणं येत. उभ्या झाडाचा कोवळा शेंडा हरणाला कधी मिळायचा? तो असा आयता जमिनीवर आला की त्यांचा सण. पोर ओंडक्यावर बसून बघत राही. शाळेत ती काय शिकली ते तिच्या लक्षात नाही, पण हे राहिलं.

लग्न होऊन रौतिओंत आली तेव्हा झोपडीत बायकांना जागा नव्हती. "बाईमाणूस आलं तर हरणं पलीकडच्या जिल्ह्यात जातील," असं सासरा म्हणायचा. स्वयंपाकाला म्हणून तिला नेलं. त्या मोसमाच्या शेवटी पुरुष जेवून घोरत पडले होते. हिने खुंटीवरची ठासणीची बंदूक काढली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि अंधार पडायच्या आत परतली ती हातमोजे रक्ताने माखवून. दांड्याला हरीण चढलेलं सासऱ्याने पाहिलं. मग त्याने चुलीजवळची आपली खुर्ची उचलून तिच्यापुढे ठेवली. आमची माणसं बोलतात कमी, खुर्च्या सरकवतात.

पुढे तिने शाळेच्या भटारखान्यात जन्म काढला, गावातल्या सगळ्या पोरांना जेवू घातलं. पण दर डिसेंबरात, मोठ्या बंदुकांचे दिवस संपून ठासणीच्या बंदुकीचे दिवस लागले, की ती झोपडीवर हजर. तिचं शास्त्र एका वाक्याचं. "हरणाचा माग नंतर काढा, आधी माणसाचा काढा. बुटांचे ठसे जिथे संपतात तिथून हरणाचं गाव सुरू होतं." महिनाभर गोळीबार ऐकून शहाणी झालेली हरणं रस्त्याकडेला राहत नाहीत. ज्या कोपऱ्यात जायला माणूस आळस करतो, त्याच कोपऱ्यात ती असतात. हिल्माला आळस ठाऊक नव्हता.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दांडा मोकळाच होता. बर्फ उशिरा पडला, तोही पातळ. मोसमाच्या अखेरच्या सकाळी झोपडीत तिघंच होती. हिल्मा, तिचा थोरला दीर एनार आणि अर्वोचा जुना सोबती डेल्बर्ट. टेबलावर कॉफीच्या कपांमध्ये एक नवंकोरं पितळी कुलूप होतं.

"हे कशाला?" हिल्माने विचारलं.

"दाराला," एनार म्हणाला. "संध्याकाळी लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि गुडघ्यांना सांगायचं, बाबांनो, सुटलात."

"कायमचं?"

"कायमचं. ह्या रानात हरीण उरलं नाही, पोरी. अर्धी लांडग्यांनी खाल्ली, अर्धी दक्षिणेला मक्याच्या शेतांत गेली. माझ्या जावयाकडे शेताकडेला दबा धरायला लाकडी पेटी आहे, आत बसायची सोय. पायाशी हीटर. हरीण आपल्या पायांनी कुंपणाशी येतं."

"मग शिकार कोण करतो, तू की हीटर?"

डेल्बर्ट कपात हसला. त्याच्या मिशीला कॉफी लागली.

"हस तू," एनार म्हणाला. "छपरावरचा बर्फ काढायला शिडीवर तू चढतोस का? तू खाली उभा राहून डावीकडे, उजवीकडे सांगतोस."

"कुणीतरी सांगायला हवंच," डेल्बर्ट म्हणाला.

एनारचं म्हणणं खोटं नव्हतं. छप्पर, लाकडं, सौनाची चूल, सगळं त्याच्या अंगावर होतं. तो नाही म्हणाला की झोपडी नाही. हिल्माला ते कळत होतं. आणि झोपडीला कुलूप लागलं तर आपण ह्या रानात पाहुण्यासारखं यायचं, रस्त्यावर गाडी उभी करून, हेही कळत होतं.

"आज दांड्याला काही टांगलं गेलं तर?" ती म्हणाली.

"तर कुलूप परत गाडीत. आणि मी चालतोय तोवर दर वर्षी येईन, तू म्हणशील त्या वाटेने जाईन." एनारने पेस्टीचा, मांस भरलेल्या भाजक्या करंजीचा, शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "पण नुसतं टांगून नाही चालायचं. आपला परवाना शिंगवाल्याचा आहे. ह्या दिवसांत निम्म्या नरांची शिंगं गळून पडलेली असतात."

"शिंग मी बघते," हिल्मा म्हणाली. "तू सौना तापवून ठेव."

तिने अर्वोचा लाल चौकटींचा सदरा घातला होता. वरून नारिंगी जाकीट चढवलं, बंदुकीच्या दारूची पिशवी गळ्यात अडकवली, बंदूक घेतली आणि निघाली.

ती गेली सीडरच्या दलदलीकडे. डिसेंबर लागला की आमच्या कुठल्याही माणसाचे पाय तिकडेच वळतात. खोल बर्फात हरणं तिथे दाटीवाटीने राहतात, वारा लागत नाही, सीडरचा पाला खायला मिळतो. बापाने सांगितलेलं, आज्याने सांगितलेलं. बुटांचे ठसे ओढ्यापाशी संपले तेव्हा हिल्मा मनात खूश झाली. पुढची वाट ढोपरभर काळ्या पाण्याच्या कडेने. तीही तिने काढली.

दलदल रिकामी होती. पाला खालपर्यंत हिरवागार लोंबत होता, कुणी तोंड लावलं नव्हतं. लेंड्या नव्हत्या, बसल्याची खळगी नव्हती. एक खार तिच्याकडे बघून शिव्या देत होती, तेवढीच वस्ती.

हिल्मा ओंडक्यावर बसली. सकाळ तर गेली होती. दुसरं कुणी असतं तर रानाला दोष देत बसलं असतं. हिल्माने बुटाने बर्फ खरडला. बर्फाखाली पान दिसलं, हिरवं.

"बये," ती स्वतःशीच म्हणाली, "बर्फ नाही तर हरीण दलदलीत झक मारायला येईल का? तू पंचांग बघून आलीस, जमीन बघून नाही."

तिला स्वतःचा राग आला नाही, हसू आलं. चूक कळली म्हणजे निम्मं हरीण सापडलं. ती कान देऊन बसली. वारा पश्चिमेचा होता आणि त्यावरून, टेकडीपलीकडून, बारीक घरघर येत होती. करवत. सरकारी रानातल्या तोडीचा ठेका कुणीतरी घेतला होता आणि मेपल पडत होते.

घोडे गेले, बाप गेला, हाताची करवत जाऊन मशीनची आली. पण शेंडे अजून जमिनीवरच पडतात. हिल्मा उठली.

टेकडी चढताना तिला दम लागला, पण ती थांबत थांबत, झाडाला पाठ लावत चढली. माथ्यावरून तोडीची जागा दिसली. लांबच्या टोकाला दोन लाकूडतोडे होते. ती आधी मोकळ्यावर येऊन उभी राहिली, त्यांना नारिंगी जाकीट दिसेल अशी, आणि हात वर केला. एकाने हात केला. मग तिने उजवीकडची उतरण दाखवली, मी इथे बसते आहे. त्याने मान डोलावली. आमच्या रानात एवढ्यावर भागतं. ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका उखडलेल्या मुळापाशी दबा धरून बसली. समोर पडलेले शेंडे, मागे उतरणीची माती. गोळी गेलीच तर मातीत जाईल.

करवत थांबली. माणसं डबे घेऊन टेकाडामागे उभ्या गाडीकडे गेली. रान आपला श्वास सोडून स्थिर झालं.

आधी एक मादी आली. मग तिच्यामागे दोन. शेंड्यांवरच्या कळ्या कुरतडत, कान मागेपुढे हलवत. हिल्मा हलली नाही. मादी तिच्या उपयोगाची नव्हती. आणि मग झुडपांच्या काठाशी एक जाड मान दिसली. नर होता. डोक्याच्या डाव्या बाजूला काही नाही, नुसता लालसर वण. उजवीकडे एकच शिंग, चांगलं रुंद, तीन टोकांचं. एक गळालं, एक राहिलं. आणखी दोन दिवसांनी तेही राहिलं नसतं.

तिने घोडा चढवला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. पांढऱ्या धुराचा ढग झाला. ढग विरला तेव्हा नर उभाच होता, थोडा पुढे सरकून. समोरच्या मेपलच्या काटकीला ताजी पांढरी जखम झाली होती.

चुकला. हिल्मा रौतिओचा नेम चुकला.

माद्या टेकाडावर जाऊन थबकल्या. पाडलेल्या झाडांचे दणके रोज ऐकणारी जनावरं ती, एका आवाजाने त्यांचं जेवण मोडत नव्हतं. हिल्माने मान न हलवता पिशवीत हात घातला. दारू, गोळी, ठासायचा गज. गज आत जाताना तिने डोळे मिटले, हात सगळं जाणत होते. घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली. एक मादी परत शेंड्यांकडे आली. नराने तिच्याकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं म्हणायचं, आणि तोही आला. ह्या वेळी काटकी मध्ये नव्हती. हिल्माने ती नसल्याची खात्री केली, सावकाश, जणू दिवस सगळा तिचाच होता. मग दुसरा धूर.

नर दोन उड्या मारून कोसळला.

ती त्याच्यापाशी गेली, हातमोजा काढला आणि त्याच्या मानेवर तळहात ठेवून उभी राहिली, बापाने शिकवल्याप्रमाणे, जनावराची ऊब हाताला कळेपर्यंत. मग कानाला परवान्याची चिठ्ठी बांधली, पोट साफ केलं, काळीज पावाच्या रिकाम्या पिशवीत घातलं आणि दोरी खांद्यावर घेतली. पातळ बर्फावर हरीण नीट घसरत नाही. प्रत्येक मुळाला अडकतं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. दिवस कलला तेव्हा ओढ्यापाशी तिला एनार आणि डेल्बर्ट भेटले, घसरगाडी घेऊन. एनार गुडघ्यांना शिव्या देत होता, पण आला होता.

त्याने हरणाभोवती एक फेरी मारली.

"अर्धंच आणलंस," तो म्हणाला.

"परवान्यात शिंग लिहिलंय. किती ते लिहिलं नाही."

डेल्बर्टने शिंगाला बोट लावलं. "एका बाजूने बघितलं तर राजा आहे."

"त्याच बाजूने टांगू," हिल्मा म्हणाली.

दांड्याला हरीण टांगलं तेव्हा आभाळात अजून उजेड होता. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. हात धुऊन तिघं आत आली. एनार खुर्चीत टेकला आणि हळूच म्हणाला, "आम्ही दोन बार ऐकले."

"दोनच होते."

"पहिल्या बाराला हरीण मेलं तर दुसरा नाही लागत."

"नाही लागत," हिल्मा म्हणाली. "पहिला काटकीला लागला. कात्री कुठे आहे?"

एनार उठून कात्री घेऊन आला. इतक्या वर्षांत ह्या प्रसंगासाठी त्याने केवढे टोमणे जमवून ठेवले असतील, पण आता एकही सापडेना.

"अगं, हरीण टांगलंय," डेल्बर्ट म्हणाला. "राहू दे यंदा."

"पाद्रीबुवांना सोडलं होतं का?" हिल्माने जाकीट काढलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. "काप. सरळ काप. तुझ्या हाताने छपराची कड कधी सरळ आली नाही."

"सदरा अर्वोचा आहे," एनार म्हणाला.

"माहीत आहे. त्याची अजून एक समज."

एनारने शेपटी कापली. हिल्माने चुलीतल्या कोळशाने तिच्यावर आपलं नाव घातलं, ठळक, लांबून वाचता येईल असं. मग भिंतीपाशी जाऊन अर्वोच्या चिंध्यांच्या मधोमध जागा शोधली आणि खिळा धरला.

"हातोडी?"

"गाडीत," एनार म्हणाला. "सकाळीच भरून ठेवली. झोपडी बंदच करायची होती ना."

हिल्मा नुसती हात पुढे करून उभी राहिली. एनारने इकडेतिकडे पाहिलं. मग टेबलावरचं पितळी कुलूप उचललं, तळहातावर एकदा तोललं, आणि उठून स्वतःच खिळा ठोकला. दुसऱ्या ठोक्याला कुलपाला पोचा पडला. किल्ली फिरवून बघितली, फिरेना.

"गेलं," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी हातोडी आण," हिल्मा म्हणाली आणि काळीज चिरायला बसली.