अठराचा मणी बसणारी रिम आणि आप्पांचा दांडगा टायर

“ताई, तुमची मोजपट्टी राहू द्या. मी मोजून आणलंय. रिममधी अठराचा मणी बरोबर बसतोय.”

निफाडचे आप्पा माझ्या कामाच्या टेबलावर द्राक्षांचा घड ठेवून हे सांगत होते. शेजारी त्यांच्या माउंटन बाइकचं पुढचं चाक, टायर-ट्यूब काढलेलं; बाकी सायकल दाराशी टेकवलेली. आप्पा द्राक्ष बागायतदार. द्राक्षाच्या मण्याची जाडी मोजायची, गोल भोकांची पट्टी त्यांच्या खिशात कायम असते. तिच्यातून अठरा मिलिमीटरचा मणी निवडून त्यांनी तो रिमच्या दोन कडांमध्ये बसवून पाहिला होता.

नाशिकमधल्या एका सायकलच्या दुकानात मी बावीस वर्षं मेकॅनिक आहे. असलं मोजमाप कधी पाहिलं नव्हतं. मला खुदकन हसू आलं. मग मी व्हर्नियर लावला. बरोबर अठरा. हसू गपचूप गिळलं.

कारण रिमची रुंदी आतून मोजायची असते. टायर दोन कडांच्या आत पकडला जातो, म्हणून तेवढंच माप कामाचं. चांगले शिकलेले इंजिनिअर बाहेरून मोजून येतात आणि वर माझ्याशीच हुज्जत घालतात. आप्पांना हे एका द्राक्षात जमलं होतं. पुढे मात्र त्यांनी माती खाल्ली.

“अठराचा मणी म्हंजे एक्स्पोर्टचा माल,” ते म्हणाले. “आता टायर बी तसाच दांडगा पायजे. तो वरचा द्या.”

वर भिंतीवर दोन पॉइंट सहा इंची टायर टांगला होता. म्हणजे सहासष्ट मिलिमीटर जाड. तो तीसच्या आसपासच्या रिमला शोभतो. अठराच्या रिमवर त्याचा बल्ब होतो, खाली चिंचोळा आणि वर फुगलेला.

“आप्पा, नाही चालणार.”

“चालवायचाय मला. रविवारी. व्याह्यांसमोर.”

मग सगळं बाहेर आलं. व्याही मनमाडचे, रेल्वेतून रिटायर झालेले, काटक गृहस्थ. गेल्या वर्षी अंजनेरीच्या उतारावर, एका वळणावर, आप्पा त्यांच्यादेखत आडवे झाले होते. तेव्हापासून प्रत्येक लग्नात विहीणबाई पुढे होऊन म्हणत, “आप्पांना खुर्ची द्या गं, हाताची द्या.” साठीचा धडधाकट माणूस, पण या खुर्चीनं पार हैराण झाला होता. “ताई, यंदा पडलो तर मी पोरीच्या घरी पाय ठेवणार नाय,” ते म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. मला वाईट वाटलं.

तेवढ्यात आमचे शेठ काउंटरवरून उठून आले. तो टायर गेली तीन वर्षं तिथे लटकत होता.

“टायर रिमवर चढतो का?” शेठ.

“चढतो.”

“फोर्कला घासतो?”

“नाही. पण वळणावर...”

“मग लावून द्या ना! गिऱ्हाईक खूश, आपण खूश.”

मी तणतणत लावला. टायरवर छापलेला आकडा बघून हवा भरली. “मागच्या अंगणात एक फेरी मारा. हळू!” एवढं बजावून मी दारात उभी राहिले.

सरळ जाताना आप्पा राजासारखे गेले. टायर जाड म्हणून शेठनीही मान डोलावली. वळताना मात्र रिम डावीकडे गेली आणि टायर जागेवरच डोलत राहिला. चिंचोळ्या बुडावर फुगलेलं अंग, ते बाजूला कलंडणारच. हँडल फिरलं आणि आप्पा शेठच्या मिसेसनी वाळत घातलेल्या कुरडयांच्या बरोबर मधोमध जाऊन बसले. काडकन आवाज आला. सायकल शाबूत होती.

वरच्या गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, “अहो! हे कोण?”

“काढा तो टायर!” शेठ मला म्हणाले. “तुम्हाला कळत नाही का, असला टायर लावतात?”

मी कपाळाला हात लावला.

आप्पा शर्टाला चिकटलेली कुरडई काढत म्हणाले, “पावर कमी पडली. याच्याहून मोठा हाय का?”

आता मात्र माझं डोकं सटकलं. “आप्पा, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये किलोचा घड भरता तुम्ही?” पनेट म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षांचा प्लास्टिकचा डबा.

“छ्या! कसा भरंल?”

“दाबून?”

“दाबला तर झाकण लागंल. पण तिकडं जाईस्तोवर घड सरकतो, मणी फुटत्यात. सगळा माल बाद.”

एवढं बोलून ते थांबले. रिमकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं.

“अरे देवा! ताई, हे आधी सांगायचं ना. उगा रिम-बिम करीत बसल्या.”

दोन पॉइंट एकचा टायर लावला. अठराच्या रिमवर तो भक्कम बसतो, वळताना रिमच्या बरोबर वळतो. आप्पांनी अंगणात दहा फेऱ्या मारल्या. कुरडयांपासून लांब.

रविवारी दुपारी फोन आला.

“ताई, अंजनेरीचं ते वळण निघालं! सुसाट! टायर हलला बी नाय. व्याही मागं, मी पुढं.”

“वा आप्पा! जिंकलात!”

पलीकडे आप्पांनी घसा खाकरला.

“आप्पा?”

“खाली समदे उभे व्हते. पोरगी, जावई, विहीणबाई. टाळ्या वाजवल्या. मी ब्रेक मारला, मागं वळून व्याह्यांना हात केला.” मग हळूच म्हणाले, “पाय टेकवायचा राहिला.”

सायकल थांबली होती आणि आप्पा उभ्याउभ्या आडवे झाले. विहीणबाई तिथेही खुर्ची शोधायला गेल्या.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला रिमचं आतलं माप सांगते, टायर सांगते, हवा किती ते सांगते, आणि सायकल हातात देताना शेवटी सांगते, “थांबलात की पाय टेकवा.” लोक हसतात. हसू देत.