दात्यांचं चाक आणि सासूबाई

माझ्या सासूबाईंइतका चौकस प्राणी अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नसेल. सासूबाईंना प्राणी म्हटल्याबद्दल मला आत्ताच अपराधी वाटू लागलं आहे, पण मला शेजाऱ्यांचं दूध नासल्याबद्दलही अपराधी वाटतं, तेव्हा असो. चाकणजवळच्या खेड्यातून त्या आमच्या पिंपरीतल्या दोन खोल्यांत राहायला आल्या आणि आठवड्याभरात त्यांना आमच्या चाळीची जी माहिती झाली, ती मला आजवर नाही. रॉकेलच्या रांगेत त्या दुकानदाराला विचारायच्या, की हे जमिनीतून निघतं तेव्हाही निळंच असतं का. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर त्यांनी ती मागून घेतली, डॉक्टरांच्याच छातीला लावली आणि बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "तुमचं बी धडाडतंय की वो. निजत न्हाई व्हय येळेवर?"

हे सगळं त्यांच्या ओव्यांत उतरायचं. जातं गावी राहिलं होतं, म्हणून गहू निवडताना त्या ओव्या रचायच्या. डॉक्टरांवर ओवी होती, रॉकेलवाल्यावर होती. थोरले जावई एसटीत कंडक्टर, त्यांच्या तिकिटाच्या चिमट्यावरही होती. माझ्यावर मात्र एकही नाही. मला ते फार लागायचं. शेवटी बायकोनं विचारलंच.

"बघितल्याबिगर कसं गावं?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुमी कंपनीत करता तरी काय?"

"चाकाला दाते पाडतो."

"मंग त्ये कुठं बसतं?"

"गाडीत."

"गाडीत कुठं?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी दाते पाडत होतो, चाकं ट्रॉलीतून पुढे जात होती, आणि त्यांच्या मागे कधी चार पावलं जावं असं मला वाटलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा व्हायची आणि घरच्यांना कारखाना बघायला मोकळीक असायची. बाकीच्या बायका झेंडूच्या माळा बघत पेढे खात होत्या. सासूबाईंनी माझ्या मशीनवरचं एक चाक उचललं, पदरात घेतलं आणि ट्रॉलीच्या वाटेनं निघाल्या. मी मागे मागे.

"आई, साहेब बघतील."

"बघू द्या की. त्यांस्नी तरी ठावं हाय का, त्ये इचारू."

विचारत विचारत आम्ही जुळणी खात्यात पोचलो. तिथे रहमानभाई नावाचे फिटर आपल्या टेबलाला हार बांधत होते. त्यांनी चाक हातात घेतलं. "काकू, हे गिअरच्या पेटीत बसतं. झाकण लावलं की परत कुणाला दिसत नाही." मग कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "पण आधी कानस मारावी लागते. कडेला कूस राहते लोखंडाची, काट्यासारखी. हे बघा." त्यांची बोटं ओरखड्यांनी भरली होती. "कोण पाठवतंय राव असलं, कुणास ठाऊक."

"ह्ये आमचे जावई पाठवत्यात," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी ऐकू आली:

"जावयाच्या चाकाची कूस भावाच्या बोटात,
कानशीनं घासून बसे गाडीच्या पोटात."

मी ओवीत आलो होतो, पण कुसेसकट. ओवी होती रहमानभाईंची.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. सांगितल्याशिवाय काही करून बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. हत्याराची धार बदलून पाहिली, चाक धरायची तऱ्हा बदलून पाहिली. शेवटी चाकामागे आधाराला एक पातळ चकती लावली आणि कूस यायची थांबली. सासूबाई तोवर गावी परतल्या होत्या. मी मुद्दाम सांगायला गेलो, आणि खरं सांगायचं तर ओवी मागायलाच गेलो.

"ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "मंग त्यो भाऊ आता त्या येळात काय करतो?"

पुन्हा मला माहीत नव्हतं. मी रहमानभाईंना विचारलं. ते जरा लाजले. "काही नाही राव. खिडकीतून बघतो. बाहेरच्या लिंबावर पोपट येतात. इतकी वर्षं पत्ताच नव्हता."

हे सांगायला पुन्हा गावी गेलो, तेव्हा सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. पोपट म्हटल्यावर मात्र डोळे उघडले. "निंबोळ्या खात्यात, का नुस्तं बसत्यात?"

मी ते विचारलं नव्हतं. "बघून येतो," म्हणालो.

"या. मंग तुमची बी ववी करू."

त्या तेवढ्या थांबल्या नाहीत. माझी ओवी राहिली.

पोपट निंबोळ्या खातात. जेवणाच्या सुट्टीत मी त्या लिंबाखाली उभा राहून स्वतः पाहिलं.