आईने लेंटमध्ये सोडलेली गोष्ट

पप्पा गेले त्यानंतरच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, मी कॉफी सोडली. दरवर्षी काहीतरी सोडायचं, म्हणून सोडली. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसातली कॉफी तशीही कोमट आणि पांचट असते, तेव्हा मी फार मोठा त्याग केला असं कुणी समजू नये. लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, दिल्लीच्या चर्चमध्ये फादर हिंदीतून सांगत होते, जे सगळ्यात प्रिय आहे ते चाळीस दिवस दूर ठेवा, त्या रिकाम्या जागेत देवाला येऊ द्या. परतताना मेट्रोत मी आठवत बसले, मला प्रिय काय आहे? काही सुचलं नाही. रडूही येत नव्हतं. पप्पा गेले तेव्हाही आलं नव्हतं.

आई जालन्याला एकटी. पप्पा गेल्यापासून रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा आणि मी नेमकी कॅबमध्ये असायचे. शेजारणीचा गुडघा, नळाला न आलेलं पाणी, मग "जेवलीस का?" साडेसातला कोण जेवतं? मी हं हं करत मेल बघायचे.

त्या बुधवारपासून फोन यायचा बंद झाला. काळजी वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. रविवारी मात्र आला, तब्येत ठणठणीत होती, भरभरून बोलली. मग पुन्हा आठवडाभर शांतता आणि पुन्हा रविवारी फोन. मी ठरवून टाकलं, रुळली बाई एकटं राहायला. ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "चलो, अच्छा हुआ यार." मीही मान डोलावली. लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, त्या दिवशी सोडलेली गोष्ट चालते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

ईस्टरला आठवडा उरला होता. झावळ्यांच्या रविवारी तिने विचारलं, "तू काय सोडलंस गं यंदा?"

"कॉफी. तू?"

"तुझ्याशी बोलणं."

"म्हणजे?"

"अगं, गोड डॉक्टरांनीच बंद केलंय. मटण आता एकटीसाठी कोण शिजवतं? मग सोडायला राहिलं काय?" ती हसली. "पहिला आठवडा फार जड गेला बघ. साडेसात वाजले की हात फोनकडे जायचा. आता तेवढा वेळ माळ घेऊन पप्पांसाठी रोझरी म्हणते. तुला मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर तूच रोज फोन करत बसली असतीस." मग म्हणाली, "तुलाही चुकल्यासारखं होत असेल ना?"

"हो," मी म्हणाले. इतकं सहज खोटं बोलले की माझी मलाच लाज वाटली. कितीतरी महिन्यांत मला काही वाटलं असेल, तर ते तेवढंच.

सोमवारी साडेसातला मी कॅबमधून फोन लावला. त्या वेळी ती घरीच रोझरी म्हणत असते, फोन समोरच्या टेबलावर असतो. रिंग शेवटपर्यंत वाजली. तिने उचलला नाही. मी पुन्हा लावला.